दगडावरची बाटली

माझ्या मामाला सगळे ‘शेपूट’ म्हणायचे, आणि तोंडावर म्हणायचे. त्याला राग यायचा नाही. उलट रविवारच्या सायकल-गटात कोणी नवीन आलं की तो स्वतःच पुढे होऊन सांगायचा, “मी शेपूट. माझ्या मागे कोणी राहायचं नाही. राहिलात तर चावीन, आणि दात माझ्याकडे भरपूर आहेत.”

दात खरोखरच भरपूर होते. मामा कवळ्या करायचा. घराच्या मागच्या खोलीत फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने ठेवलेले असत आणि तिथे कायम वितळलेल्या मेणाचा वास यायचा. लहानपणी मला त्या खोलीत एकटीने जायची भीती वाटे. मामी म्हणायची, “गावातली अर्धी म्हातारी माणसं यांच्या जिवावर हसतात. घरात मात्र यांचं तोंड उघडायचं म्हणजे पक्कड लागते.”

सायकलवर बसला की मात्र मामा बोलका व्हायचा. आमचा रस्ता ठरलेला होता. गावाबाहेर पडून घाट चढायचा, वर जुन्या किल्ल्याचा मोडका दरवाजा लागतो तिथे दम खायचा, मग पलीकडच्या उताराला लागायचं. उतारावर पडकी चौकी, पुढे वळणावर सैनिकांसाठी खोदलेला दगडी हौद, आणि अगदी तळाला जुन्या कमानीच्या पुलापाशी चहाची टपरी. मामा सगळ्यांच्या शेवटी. त्याच्या मागच्या चाकाचा आवाज फार मोठा होता. उतारावर पायडल थांबलं की टरटर टरटर असा आवाज अख्ख्या दरीत घुमायचा. चढावर चाक मुकं. तेल घाल म्हटलं की म्हणायचा, “वाजू दे. शेपूट कुठवर आलंय ते कळतं.”

तो शेवटी का राहायचा, हे जुन्या सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचा थोरला भाऊ, माझा थोरला मामा, त्याच हौदात गेला. तो रस्ता सोडून हौद बघायला उतरला होता. पुढच्यांना वाटलं तो मागे आहे, मागच्यांना वाटलं तो पुढे गेला. टपरीवर चहा पिऊन झाल्यावर त्याची आठवण झाली. तोवर डोंगरावर पाऊस झाला होता. जुन्या लोकांनी पाण्याचे चर असे काही कोरलेत की वरच्या सगळ्या कड्याचं पाणी त्या हौदात येतं, आणि येतं तेव्हा एकदम येतं. थोरला मामा सापडला तो पाणी ओसरल्यावर.

त्यानंतर बाटलीचा नियम आला, मामानेच केला. घाटातली वळणं अरुंद, वरून ट्रक येतात, म्हणून थांबणाऱ्याने सायकल आत आडोशाला न्यायची. आणि रस्त्याकडेच्या दगडावर आपली पाण्याची बाटली ठेवून जायची. दगडावर बाटली म्हणजे माणूस यायचा आहे. तो येईपर्यंत शेपूट तिथेच थांबणार. बाटली उचलायची ती ज्याची त्याने. फोनला त्या उतारावर रेंज नसते, पण आम्हाला कधी अडलं नाही. बाटलीवर आमचा देवापेक्षा जास्त विश्वास होता.

त्या रविवारी किल्ल्याच्या दरवाजापाशीच आभाळ भरून आलं होतं. वारा पडला होता आणि कड्यावरचे पक्षी गप्प होते. मामा वर बघत म्हणाला, “आज रेंगाळू नका रे. थेट टपरी.”

“तूच रेंगाळतोस सगळ्यात शेवटी,” मी म्हटलं.

“मी शेपूट आहे, मला परवानगी आहे.”

गटात त्या दिवशी एक शाळेतल्या बाई पहिल्यांदाच आल्या होत्या. फार गोड बाई. कोणाचा रुमाल पडला, कोणाचा हातमोजा राहिला की उचलून आणून द्यायच्या. निघायच्या घाईत त्यांना सगळ्या खुणा सांगितल्या, खड्डा आला तर हात कसा करायचा, ट्रक आला तर ओरडायचं कसं. बाटलीचं सांगायचं राहिलं. आम्हाला ते इतकं अंगवळणी पडलं होतं की ते सांगावं लागतं हेच कोणाच्या ध्यानात आलं नाही.

मी हौदापाशी थांबले. कितीतरी वर्षं त्या वळणावरून गेले होते, उतरले कधीच नव्हते. थोरल्या मामाचा चेहरा मला आठवत नाही. निदान जागा तरी पाहावी असं मनात होतं. पाऊस यायला वेळ आहे असं वाटलं. सायकल आत नेली, बाटली दगडावर नीट मधोमध ठेवली आणि पायऱ्या उतरले. हौद कोरडा होता. दोन पुरुष खोल, तळाला वाळलेला चिखल. चरांच्या बाजूची दगडी भिंत पोटाशी फुगली होती. मधली एक पायरी माझ्या पायाखाली निसटली, तिच्याबरोबर खालच्याही ढासळल्या आणि मी खाली आदळले. घोट्यातून कळ गेली ती थेट डोक्यात. उभं राहता येईना.

तरी मी घाबरले नाही. वर बाटली होती ना.

एक सायकल गेली. जरा थांबली, मग पुढे गेली. त्या बाई होत्या हे नंतर कळलं. मग वरून मामाचं चाक ऐकू आलं. टरटर, टरटर, जवळ येत येत. मला हसूच आलं. म्हटलं, आता थांबेल आणि पहिली शिवी देईल. मी हाक मारली, पण त्या खोल दगडी पेटीतून माझा आवाज माझ्याच अंगावर परत आला. टरटर वळणावर आली, क्षणभर हळू झाली आणि पुढे निघून गेली. लांब, खाली, आणखी लांब. ते चाक मी जन्मभर ऐकत आले होते, पण माझ्यापासून दूर जाताना कधी ऐकलं नव्हतं. तेव्हा मात्र मी रडले.

मग कड्यावर पाऊस सुरू झाला. माझ्या अंगावर थेंबही नव्हता, आणि चरातून मात्र तपकिरी पाणी बारीक धारेने आत येऊ लागलं.

टपरीवर काय झालं ते मला इतरांनी सांगितलं. मामा पोहोचला, सगळ्यांवर नजर फिरवली, आणि तेवढ्यात बाई हसत बाटली उंच धरून म्हणाल्या, “ही कोणाची हो? वर दगडावर विसरली होती.” मामाचा चेहरा प्लास्टरसारखा झाला म्हणे. त्याने सायकल फिरवली आणि चढाला लागला. माणसं हातातले कप टाकून उठेपर्यंत तो पहिल्या वळणाआड गेला होता.

चढावर त्याचं चाक वाजत नाही. त्यामुळे तो येतोय हे मला कळलंच नाही. पाणी कमरेपर्यंत आलं होतं, मी भिंतीला नखं रुतवून एका पायावर उभी होते, आणि वर दगडावर टक्कन आवाज झाला. त्याने आपली बाटली ठेवली होती.

मोडक्या पायरीवरून तो सरळ पाण्यात उडी मारून आला. मला खांद्यावर घेतलं आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला. त्याची छाती भात्यासारखी चालली होती.

“मी पुढे गेलो ना गं?” तो म्हणाला. “तू इथे होतीस आणि मी पुढे गेलो.”

“बाटली नव्हती, मामा. तू काय करणार?”

“बघून जायला हवं होतं. या जागी तरी.”

“आता आलास ना? गप्प उभा राहा.”

फुगलेल्या भिंतीतून माती गळत होती. आम्ही दोघांनी ती पाहिली. पाणी त्याच्या छातीशी आलं.

“बाटली! इथे बाटली आहे!” वरून बाईंचा आवाज आला. किंचाळतच होत्या. मग इतरांचे आवाज, आमच्या सायकलींचे सुटे भाग घेऊन टपरीपाशी थांबणाऱ्या टेम्पोचं इंजिन, आणि काठावरून दोर खाली आला.

“दोघं एकदम धरा!” टेम्पोवाला ओरडला.

“नाही पेलायचा. आधी ती,” मामा म्हणाला. माझ्या काखेतून दोर बांधून गाठ त्याने दोनदा तपासली.

“मामा, तू पण धर. ऐक माझं!”

“शेपूट शेवटी,” तो म्हणाला आणि मला खालून रेटलं.

मला काठावर ओढून घेतलं. टेम्पोवाल्याने गाठ सोडली, दोर पुन्हा खाली फेकला, आणि त्याच वेळी चरांकडची भिंत आत आली. फार मोठा आवाज झाला नाही. पाणी एकदम वर उसळलं, आणि मग त्यावर फक्त पालापाचोळा गरगरत राहिला. माणसं दोर ओढत राहिली. तो हलकाच वर आला.

कोणीतरी म्हणालं, पोरीला आधी दवाखान्यात न्या. मी जाईना. बाई दगडापाशी भिजत उभ्या होत्या. रस्त्यावरून पाण्याचा लोट वाहत होता, म्हणून टपरीवाला बाटली उचलून बाजूला ठेवायला गेला. बाईंनी त्याचा हात घट्ट धरला.

“ती त्यांची आहे,” त्या म्हणाल्या.

माझी बाटली त्यांनीच नेली हे मला वर आल्यावर कळलं होतं, आणि त्या क्षणापर्यंत मला त्या बाईचा गळा धरावासा वाटत होता. तिथे तो राग गेला, कुठे गेला मला माहीत नाही.

मामीला घेऊन गाडी आली तेव्हा उजेड उतरू लागला होता. सगळे माना खाली घालून उभे. सांगायचं कोणी, हेच कोणाला कळेना. मामीने माझ्याकडे पाहिलं, माझ्या पायाकडे पाहिलं, हौदाकडे पाहिलंच नाही. तिला दगडावरची बाटली दिसली.

“अजून यायचेत ना?” ती म्हणाली.

तिने पदर डोक्यावरून घेतला आणि बाटलीशेजारी, ओल्या कठड्यावर बसून राहिली.