आपोआप कापले जाणारे सातशे रुपये

बाबांचं आणि माझं बँकेत एकत्र खातं आहे. बऱ्याच वर्षांनी पासबुक भरून आणलं, तर दर तीन महिन्यांनी सातशे रुपये कापलेले दिसले. पुढे नुसती इंग्रजी अक्षरं. बँकेतल्या बाईंनी नंबर शोधून दिला, मी घरी येऊन फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, "मॅडम, ही आमच्या वधू-वर सूचक मंडळाची वर्गणी. वडिलांनी तुमचं नाव नोंदवलंय. ती आपोआप कापली जाते."

मी सत्तेचाळीस वर्षांची आहे. बाबांनी लग्नाचा विषय काढणं सोडलं, त्यालाही सहा वर्षं झाली. समोर ते मेथी निवडत बसले होते. त्यांना वाटलं असणार, पैसे एकदाच भरायचे असतात. माणूस थकतो, गप्प होतो. त्याने कधीतरी लावून दिलेलं यंत्र मात्र त्याच्या वतीने आशा करत राहतं. मला वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. मेथीच्या काड्यांचा ढीग तेवढा दिसत होता.

"बंद करा," मी म्हटलं.

"कारण लिहावं लागतं, मॅडम. लग्न जमलं, असं लिहू?"

बाबांनी कोणाचा फोन म्हणून मान वर केली.

"लिहा," मी म्हटलं.