सेन्सेईंचा डावा हात

जपानमध्ये, कावासाकी शहराच्या नागरी केंद्रात, मी जपानी शिकायला जायचे. शेजारच्या खोलीतून काँगांचा, म्हणजे हाताने वाजवायच्या उंच क्यूबन ढोलांचा, आवाज यायचा. एका शनिवारी दारात उभी राहून ऐकत होते, तेव्हा शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "आत ये, नाहीतर दार लाव. एसी वाया जातोय." मी आत गेले. नुसतं दार लावून निघून जायचं, तर काहीतरी बोलावं लागलं असतं.

सगळे या बाईंना सेन्सेई, म्हणजे गुरू, म्हणायचे. सेन्सेई सत्तरीच्या. तरुणपणी ओसाकाच्या एका लॅटिन जॅझ बँडमध्ये त्या झालरीच्या बाह्यांचे कपडे घालून माराकाचे खुळखुळे हलवायच्या. काँगावर पुरुषच बसायचे. त्यांचे हात मागून बघून बघून त्या शिकल्या. मग न्यूयॉर्कला गेल्या, हॉटेलात भांडी घासली, तिथल्या वादकांकडे शिकल्या आणि परत येऊन काँगावर बसल्या त्या बसल्याच. वाजवण्यापेक्षा शिकवण्यातच आयुष्य गेलं, अशी तक्रार करता करता त्या कुणाचं तरी मनगट धरून सरळ करायच्या.

माझी खोड एकच. लहानपणापासून आरतीला टाळ्या वाजवलेल्या, त्यामुळे पहिल्या मात्रेवर जोर पडायचाच. काँगाच्या आमच्या चालीत मात्र पहिली मात्रा डाव्या हाताची, अगदी हळू. उजव्याचे खुले, घुमणारे ठोके चौथीवर.

"पहिली मात्रा म्हणजे घर. तुला सारखी घरी पोचायची घाई," सेन्सेई म्हणायच्या. "कोण वाट बघतंय?"

"कोणी नाही."

"मग?"

यंदा उन्हाळ्यात त्यांच्या उजव्या मनगटाचं ऑपरेशन झालं. बोटं वळेनात. केंद्राच्या वार्षिक कार्यक्रमातून नाव काढायचं का, असं तिथल्या कर्मचाऱ्याने फार अदबीने विचारलं. सेन्सेई त्याहून अदबीने नाही म्हणाल्या. तो गेल्यावर माझ्याकडे वळल्या.

"तुझा उजवा हात दे."

"मी? बाकीचे माझ्यापेक्षा चांगलं वाजवतात."

"त्यांचे दोन्ही हात चांगले आहेत. तुझा डावा तसाही वाया गेलेला."

एक काँगा, एक बाक, त्यांचा डावा हात आणि माझा उजवा. या देशात कोणी माझ्या खांद्याला खांदा लावून बसत नाही, आणि मला ते सोयीचं वाटायचं. पहिल्याच सरावात मी पहिल्या मात्रेवर त्यांची बोटं ठेचली.

"आई गं!" मी ओरडले.

"म्हणजे काय?"

"म्हणजे... आईला हाक."

"बोटं माझी ठेचलीस आणि आईला तू बोलावतेस?"

कार्यक्रमात साथीचा बास गिटार सुरू झाला तशी मी मनात मोजायला लागले. पण पहिल्या मात्रेला त्यांचा खांदा किंचित खाली जायचा, आणि माझा हात आपोआप थांबायचा. चौथीवर मी. थोड्या वेळाने मोजणं सुटलं. ताल त्यांच्याकडून यायचा, माझ्याकडून परत जायचा. त्यांच्या डाव्या हाताला म्हातारपण माहीतच नव्हतं.

टाळ्या झाल्या. कडेला पुढचा गट तयार होता. मी उठणार, तर सेन्सेईंचा हात काँगावरून हलेना.

"आणखी एक," त्या बासवाल्याला म्हणाल्या, आणि कुठलं गाणं ते सांगितलं.

"सेन्सेई, मला हे येत नाही," मी कुजबुजले.

"एका हाताने मलाही येत नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी सुरुवात केली.