नवनाथचं पथ्य

चिखलीत गोजाबाईंची खानावळ आहे. पत्र्याची शेड, चार बाकडी, आणि भाकरी अशी की चाकणच्या कंपन्यांमधली पोरं शिफ्ट सुटली की आधी इकडे येतात, मग खोलीवर जातात. गोजाबाई मूळच्या बीडकडच्या. नवऱ्यामागे इथे आल्या आणि तव्यापुढे बसल्या त्या बसल्याच. उधारी त्या देतात, पण तोंडाने कधी मागत नाहीत. "जेवणाऱ्याला पैशे मागितले की घास कडू होतो," म्हणतात. तरीही त्यांचे पैसे बुडत नाहीत. ते कसं, हे नवनाथला विचारावं.

नवनाथ एका कंपनीत ऑपरेटर. दोन महिने तो उधारीवर पोटभर जेवला आणि पगार नव्या मोटरसायकलच्या हप्त्यांत घालून बसला. मग तोंड दाखवायची लाज वाटायला लागली, म्हणून खानावळच सोडली. घरी जायला शेडमागचा बोळ होता. तिथे आला की पठ्ठ्या गाडी बंद करायचा आणि आवाज न करता ढकलत न्यायचा. पत्र्याच्या फटीतून त्याचं घामेजलेलं तोंड गोजाबाईंना रोज दिसायचं. त्या भाकरी थापतच राहायच्या.

एके सकाळी शेजारचा गॅरेजवाला इकबाल चहाला आला. "मावशी, नवनाथ कुठं गायब झाला?"

"आजारी हाय लेकरू," गोजाबाई तोंड पाडून म्हणाल्या. "पोटाचं कायतरी हाय. न्हाईतर माझ्याकडं आल्याबिगर राहिला असता का?"

संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तीला कळलं. इकबाल शहाळी घेऊन खोलीवर धडकला, तेव्हा नवनाथला हातातला वडापाव उशीखाली दडपावा लागला. मागोमाग दोघं आले, त्यांनी ओव्याचा काढा समोर बसून पाजला. तिसऱ्याने एरंडेल आणलं. दुसऱ्या दिवशी कंपनीत सुपरवायझरने पाठीवर हात ठेवला, "तब्येत सांभाळ बाबा. या आठवड्यात तुला ओव्हरटाइम नको."

आता मात्र नवनाथची तंतरली. मिळतील तेवढे पैसे गोळा करून तो खानावळीत आला. "मावशी, हे निम्मे ठेवा. बाकीचे पगाराला देतो."

"ते राहू दे रं. पोट कसं हाय?" न मोजताच नोटा कनवटीला लावत गोजाबाईंनी विचारलं.

रविवार होता. बाकीच्यांच्या ताटात मटणाचा रस्सा तर्रीसकट आला. नवनाथपुढे आली मऊ खिचडी आणि ताक.

"मावशी, मी बरा झालोय!"

"दुखणेकरी असंच म्हणतंय."

पोरं ताटात तोंड घालून हसत होती. नवनाथ हळूच म्हणाला, "पथ्य कधी सुटणार मग?"

"निम्मा आजार गेलाय. उरलेला गेला की सोडू."

पगार होईपर्यंत तो खिचडीच ओरपत राहिला. चिडायची सोयच नव्हती, कारण बाई त्याला एका शब्दानेही वावगं बोलली नव्हती. उलट खिचडीवर रोज तुपाची धार असायची. ते तूप बघून त्याला जास्तच शरमल्यासारखं व्हायचं. पगाराच्या दिवशी त्याने राहिलेले पैसे आणून दिले. गोजाबाईंनी रश्श्याची वाटी काठोकाठ भरली आणि गरम भाकरी ताटात टाकली. "खा आता. सुटलं पथ्य."

हल्ली गावी जायचं असलं की नवनाथ आधी खानावळीच्या दारात उभा राहतो आणि साऱ्या बाकड्यांना ऐकू जाईल असा ओरडतो, "मावशी, दोन दिवस येणार नाही! तब्येत एकदम ठणठणीत आहे!"