घरची दहा मिनिटं

सायकलवाल्या काकांच्या घरात वेळ विचारायची एक रीत होती. नुसतं "किती वाजले?" म्हणून भागायचं नाही. "घरचे की खरे?" असं पुढे जोडावं लागे, कारण त्या घरातली सगळी घड्याळं दहा मिनिटं पुढे होती. लेक शाळेत असताना सकाळी उठायला महाआळशी. शाळेची बस रोज गल्लीच्या तोंडाशी भोंगा वाजवून वाजवून थकायची, म्हणून काकांनी एकदा वैतागून काटे पुढे सरकवले. उपयोग शून्य! पोरीला लगेच सुगावा लागला, आणि हाताशी दहा मिनिटं आहेत म्हणून ती आणखी दहा मिनिटं लोळू लागली. काटे मात्र पुढे गेले ते गेलेच.

काका मनाचे मऊ, पण राग सदा नाकाच्या शेंड्यावर. दिवसभर दुकानात पंक्चर काढायचे, चाकांचा बाक काढायचे, आणि अंधार पडला की गच्चीवर जाऊन दगड मोजायचे. दगड म्हणजे लघुग्रह हो, सूर्याभोवती फिरणारे. दुर्बीण फिरवायची यंत्रणा त्यांनी सायकलची चेन आणि दातेरी चक्र वापरून स्वतः जुळवली होती. आकाशाच्या एकाच तुकड्याचे थोड्या थोड्या वेळाने फोटो काढायचे आणि जुन्या कॉम्प्युटरवर एकामागून एक भराभर बघायचे. तारे जागच्या जागी राहतात, एखादाच ठिपका सरकतो. तो आपला दगड. या फोटोपासून त्या फोटोपर्यंत किती सरकला ते मोजायचं आणि समाधानाने जेवायला बसायचं. गल्लीतली माणसं चिडवायची, "काय काका, आज दगड कुठवर पोचला?" काका म्हणायचे, "तुमच्या सायकलीपेक्षा बरा चालतो."

हे वेड त्यांनी लेकीलाही लावलं होतं. ती लहान असताना दुकानातल्या स्टुलावर बसवून ते सांगायचे, "अंगठा समोर धर. एक डोळा मीट. आता तो उघड आणि दुसरा मीट. समोरच्या शटरवर अंगठा उडी मारतो की नाही? दोन डोळ्यांत अंतर आहे ना, म्हणून. या उडीवरून अंगठा किती लांब आहे ते काढता येतं." मग पोरगी दिवसभर गिऱ्हाइकांकडे एकेक डोळा मिटून बघत बसायची, आणि गिऱ्हाईक बिचारं आपल्या तोंडाला काही लागलंय का म्हणून चाचपायचं.

तीच लेक मोठी झाली, एक्स-रे काढायचं शिकली आणि नोकरीसाठी देशाच्या पार दुसऱ्या टोकाला गेली, समुद्राकाठच्या एका शहरात. इथल्या दवाखान्यात जागा असताना! काकांचं टाळकं सरकलं. "जायचं तर जा, पण मला तिकडे बोलवू नकोस," असं बोलून बसले. मागून जीभ चावली, पण सुंभ जळला तरी पीळ कुठला जायला? तिचा फोन आला की, "बरी आहेस ना? आईला देतो." झालं संभाषण. आणि फोन काकूंच्या हातात देऊन तिथेच हवेचा पंप उगीच पुसत उभे राहायचे, शेवटपर्यंत. लेकीच्या खिडकीतून काय दिसतं, तिचा नळ कधी गळतो, सगळं त्यांना तोंडपाठ. पाहिलेलं मात्र काहीच नव्हतं.

एक दिवस लेकच म्हणाली, "आई, बाबांना दे." काकूंनी फोन त्यांच्या कानालाच लावला.

"बाबा, पृथ्वीच्या बऱ्यापैकी जवळून एक दगड चाललाय. इथल्या हौशी मंडळींची दुर्बीण मला मिळतेय. शनिवारी बरोबर साडेसातला मी इकडून फोटो काढते, तुम्ही तिकडून काढा. तोच अंगठ्याचा खेळ. एक डोळा तुमचा, एक माझा."

"बघू," काका म्हणाले. त्यांच्या 'बघू'चा अर्थ 'हो' होतो हे काकूंनाच ठाऊक. त्या दिवसापासून दुर्बिणीच्या चेनला तेल काय, पुसापुशी काय! दगडाचं एवढं काही नव्हतं. हे जमलं तर लेकीशी बोलायला काहीतरी मिळेल, एवढ्याच आशेवर माणूस जिवाचं रान करत होता.

शनिवारी आकाश स्वच्छ होतं. काकांनी साडेसातला फोटो काढला, नीट तपासून अर्ध्या तासाने तिला पाठवला आणि फोन हातात धरून जिन्यात बसले.

फोन वाजला. "बाबा..." पोरीचा आवाज पडलेला. "दोन्ही फोटोंत दगड एकाच जागी आहे. उडीच नाही. गणित म्हणतंय, आपण दोघं एकाच गच्चीवर उभे होतो."

आता घोडं कुठे अडलं ते शोधायचं की नाही? पण काका त्या शब्दांतच अडकले. एकाच गच्चीवर! त्यांना ते इतकं गोड लागलं की तोंडून निघून गेलं, "असू दे की. काही वाईट नाही म्हणत गणित."

"असं कसं असेल? माझंच काहीतरी चुकलंय. मला नाही जमत हे. जाऊ दे बाबा, सोडून देऊ."

तेवढ्यात खालून काकूंची हाक आली, "अहो, किती वाजले? घरचे की खरे तेही सांगा, गॅसवर ठेवलंय मी!"

काका ताडकन उठले. कॉम्प्युटरच्या आतला, वेळ चालू ठेवणारा सेल कधीच मेलेला. रोज संध्याकाळी ते सवयीने भिंतीवरचं घड्याळ बघून त्याची वेळ लावायचे. इतकी वर्षं काही बिघडलं नाही, कारण त्यांना फक्त आपल्याच दोन फोटोंमधला वेळ लागायचा, आणि घड्याळ पुढे असलं तरी तो तेवढाच भरतो. आपलं घड्याळ आपल्याशी जुळणारच हो, दुसऱ्याशी जुळवायची वेळ आली की पितळ उघडं पडतं. त्यांनी फोटो दहा मिनिटं आधी काढला होता. त्या दहा मिनिटांत दगड जेवढा चालला, नेमकी तेवढीच उडी पुसली गेली.

"तुझं काही चुकलं नाही, पोरी," काका म्हणाले. "माझं घड्याळ."

"घड्याळ? बाबा, ती दहा मिनिटं अजून तशीच आहेत?"

"आहेत."

"अहो, पण आता कुणाची बस चुकतेय?"

'आईला देतो' अगदी ओठांवर आलं होतं. काकांनी ते गिळलं.

"कुणाची नाही गं. काटे मागे घेतले असते, तर तू गेलीस हे कबूल केल्यासारखं झालं असतं. माझ्याच्याने नाही झालं ते."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "उद्या परत काढू," ती म्हणाली. "दगड उद्याही आहे."

दुसऱ्या दिवशी काका स्टुलावर चढले. लेक फोनवरून वेळ सांगत होती, काकूंनी स्टूल धरलं होतं. भिंतीवरचं घड्याळ मागे आलं, मग कॉम्प्युटरचं. काकू म्हणाल्या, "आता मला घर परकं वाटणार बाई." साडेसातला दोन्हीकडून फोटो निघाले.

"बाबा!" फोनमधून किंकाळीच आली. "उडी मारली! केवढी मोठी! दगड चंद्रापेक्षा कितीतरी पट लांब आहे, आकडा काढून पाठवते."

काकांनी गच्चीच्या कठड्याला हात टेकला. "आपण खरंच एका गच्चीवर असतो, तर जमलं असतं का गं?"

"नसतं जमलं."

"म्हणजे तू लांब गेलीस म्हणून जमलं." हे त्यांनी जरा हळूच म्हटलं. मग खाकरले. "तुझ्याकडे यायची गाडी किती वाजता सुटते?"

"सकाळी सहाला." पोरगी हसत होती आणि रडतही होती. "आणि बाबा, हे खरे सहा हं. आता हाताशी दहा मिनिटं नाहीत."

"ठाऊक आहे मला," काका डोळे पुसत गुरगुरले. "मी काय तुझ्यासारखा लोळत पडणार आहे?"