क्लेमेंटीच्या किचनमधला अश्रुधूर

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. केमिस्ट्रीत पीएचडी केलेली बाई मी... कुणी काही विचित्र घडल्याचं सांगितलं की आधी गॅसची नळी तपासा म्हणणारी. त्या दिवशीही मी तेच केलं.

२०१७ साल. पुण्याहून पोस्टडॉकसाठी सिंगापूरला आले होते. तिथल्या क्लेमेंटी भागात अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट. एक खोली माझी, दुसरी मारियानाची. मारियाना व्हेनेझुएलाची, मास्टर्स करायला आलेली. २०१४च्या विद्यार्थी आंदोलनात ती राजधानी कराकसच्या रस्त्यावर होती. दगड कधी उचलला नाही — अश्रुधुरात सापडलेल्यांना बाहेर काढायचं, अँटासिड कालवलेल्या पाण्याने त्यांचे डोळे धुवायचे, हे तिच्या टीमचं काम. टीमची लीडर तीच. पुढे अटक होईल असं दिसल्यावर आईने हातापाया पडून तिला देशाबाहेर पाठवलं. आता तिकडे पुन्हा मोर्चे निघत होते आणि ती इथे अडकलेली. त्याबद्दल ती फारसं बोलायची नाही, पण तिचं जेवणखाण सुटलं होतं.

त्या सकाळी सव्वासहाला मी चहा ठेवला. कराकसला तेव्हा आदल्या दिवसाची संध्याकाळ. मारियाना फोनवर बातम्या बघत होती. अचानक माझे डोळे चुरचुरायला लागले, घसा भाजल्यासारखा झाला... श्वास घेता येईना. गॅस बंद केला, खिडकी उघडली, नळी पाहिली. धूर नाही, वास नाही. शेजारी कुणी मिरच्याही परतत नव्हतं.

मारियानाचेही डोळे वाहत होते, पण ती शांत होती.

"हा अश्रुधूर आहे," ती म्हणाली. "मी ओळखते."

तिने कपाटातून अँटासिड काढलं, पाण्यात कालवलं आणि मला सिंकवर वाकवून माझे डोळे धुतले. मग भिंतीकडे तोंड करून ठाम आवाजात स्पॅनिशमध्ये काहीतरी ओरडली. दोनदा. काही मिनिटांत सगळं थांबलं. काय बोललीस, असं मी विचारलं. 'डावीकडे वळा, बेकरीच्या मागचं गेट उघडं आहे' — असं तोंडून निघालं म्हणाली. का, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

तासाभराने कराकसहून डॅनिएलाचा फोन आला. मारियानानंतर टीम तीच सांभाळत होती. सातजणं धुरात कोंडली होती, एक मुलगी बेशुद्ध. समोरचं काही दिसत नव्हतं. तेवढ्यात सगळ्यांनी मारियानाचा आवाज ऐकला. डावीकडे वळले, बेकरीमागचं गेट खरंच उघडं होतं. सातहीजणं सुखरूप.

मारियाना फोन कानाला धरूनच मला हे इंग्लिशमध्ये सांगत होती आणि मध्येच थांबली.

"ती मला विचारतेय, 'तू कराकसला परत कधी आलीस?'"

लॅबमधल्या लोकांनी ताण, ॲलर्जी, योगायोग... सगळं सुचवून पाहिलं. पण मग माझे डोळे का जळले? त्या सातजणांनी ऐकलं ते काय? मला आजही सांगता येत नाही. एवढं मात्र कुणालाही ताठ मानेने सांगते, की या मुलीबरोबर मी दोन वर्षं एका घरात राहिले.