खुर्ची फिरवणाऱ्या बाई

टिटवाळ्याहून लिमयेबाईंचा भाचा आला आणि दारातूनच म्हणाला, "मावशी गेली, शुक्रवारी." मी जाळं शिवत होतो. हात थांबला, पण रडलो नाही. बाई कल्याणच्या आमच्या वाचनालयात ग्रंथपाल आणि मी शिपाई, असे आम्ही बावीस वर्षं एका छपराखाली होतो. मी चौथी नापास, खाडीकाठचा कोळी. पण पुस्तकांची बांधणी माझ्यासारखी कल्याणात कोणी करत नव्हतं, हे बाईही मान्य करायच्या. आता महिना होऊन गेला. बाईंना एक गोष्ट सांगायची राहिली, म्हणून लिहायला बसलोय…

ऐंशीनंतरची गोष्ट. गावातले एक जुने डॉक्टर वारले आणि घरच्यांनी त्यांची चार पेट्या पुस्तकं आम्हाला दिली. त्यांत नवराबायकोच्या संबंधांवरची, चित्रांसकट असलेली पुस्तकं निघाली, आणि काही नुसत्याच चावट कादंबऱ्या. कमिटीत वाद झाला. एकजण म्हणाले, जाळून टाका. पण तसं म्हणण्याआधी त्यांनी ती तासभर चाळली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. बाई हटल्या नाहीत. घरात विचारायची सोय नाही, डॉक्टरला विचारायची लाज, मग माणसानं जायचं कुठं, असं त्यांचं म्हणणं. शेवटी ती पुस्तकं बाईंच्या टेबलामागच्या कपाटात गेली, फक्त मोठ्या माणसांसाठी. पुस्तक न्यायचं, त्याच्या जागी त्याचा नंबर लिहून चिठ्ठी ठेवायची, नाव लिहायचं नाही. कोणी कपाटाकडे आलं की बाई खुर्ची खिडकीकडे फिरवायच्या आणि दार लागल्याचा आवाज येईपर्यंत रिक्षा स्टँडकडे बघत बसायच्या. कमिटी म्हणाली होती, सगळी पळवतील. दोनच गेली, दोन्ही कादंबऱ्या.

मला हे अजिबात पटलं नव्हतं. मी म्हटलं, "बाई, इथं पोरीबाळी येतात. ही घाण इथं नको."

"तुम्ही वाचलंत का त्यातलं काही, जनार्दन?"

"घाण कळायला वाचावं लागत नाही."

मी माझंच खरं केलं. पुस्तकं बांधणीला माझ्याकडेच यायची. खळ शिजवली, कसर लागू नये म्हणून नेहमीसारखा मोरचूद घातला, आणि चित्रांची पानं शेजारच्या पानांना चिकटवून टाकली. चार पुस्तकांची. मोठं पुण्य केल्यासारखं वाटलं होतं.

काही दिवसांनी त्यातल्या एका पुस्तकात चिठ्ठी सापडली. बाईमाणसाचं अक्षर. 'सातवं प्रकरण चिकटलेलं आहे. मला तेच हवं होतं.' बाईंनी चिठ्ठी माझ्यासमोर ठेवली. कमिटीला कळवलं असतं तर त्याच दिवशी मी घरी बसलो असतो. त्यांनी कळवलं नाही. स्टोव्हवर चहाची किटली ठेवली आणि म्हणाल्या, "चिकटवलंत तुम्ही, सोडवायचंही तुम्हीच. एक अक्षर फाटता कामा नये."

पुढचे कितीतरी दिवस दुपारी मी वाफेवर पानं धरून बोथट सुरीनं सोडवत होतो. सोडवताना नजर पडायचीच. सातव्या प्रकरणात लिहिलं होतं की बाळंतपणानंतर काही बायकांना नवऱ्याजवळ येताना दुखतं, ते का, आणि त्यावर उपाय काय. माझी मंजुळा तिसऱ्या बाळंतपणापासून तीन वर्षं चुलीपाशी निजत होती. मी समजत होतो, हिला माज आलाय. तसं तोंडावर बोललोही होतो…

पानं सुटली, पुस्तक कपाटात गेलं. मग एका दुपारी मी फडकं घेऊन त्या कपाटापाशी उगाच घुटमळत राहिलो. बाईंनी एकदा बघितलं आणि खुर्ची खिडकीकडे फिरवली. मी चिठ्ठी ठेवली आणि पुस्तक सदऱ्यात घातलं. घरी अक्षराला अक्षर जोडत सातवं प्रकरण मंजुळाला वाचून दाखवलं. ती सुकट निवडत ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "म्हंजे मी काय ढोंग करीत नव्हते." पुढच्या आठवड्यात एसटीनं ठाण्याला जाऊन खोपट भागातल्या एका डॉक्टरीणबाईंना दाखवलं. गुण आला.

बाईंना मात्र हे कधी सांगितलं नाही. माझा पाचाचा आकडा उलटा पडतो, आणि त्या पुस्तकाच्या नंबरात पाच होता. कपाटात ठेवलेली ती नंबराची चिठ्ठी कोणाची, हे त्यांना पहिल्या दिवशीच कळलं असणार. त्या बोलल्या नाहीत आणि माझी जीभ रेटली नाही. उलट त्या रिटायर होईपर्यंत मी कादंबऱ्यांवरून भांडत राहिलो. आजही माझं मत तेच आहे, त्या चावट कादंबऱ्या वाचनालयात नकोत. पण कुठली कादंबरी आणि कुठलं सातवं प्रकरण, हे न वाचता ठरवणारा मी कोण, एवढं तरी बाईंसमोर कबूल करायला हवं होतं.

परवा वाचनालयात गेलो होतो. नवी ग्रंथपाल मुलगी मला बाईंच्या खुर्चीत बसवून चहा सांगायला गेली. खुर्ची तीच, मागचं कपाट तेच, आणि खुर्चीच्या पायांनी फरशीवर काढलेला अर्धा गोल ओरखडाही तसाच. तेवढ्यात एक पन्नाशीचा माणूस आला. कपाटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि जागच्या जागी उभा राहिला.

मी खुर्ची खिडकीकडे फिरवली. रिक्षा स्टँडवर पाच रिक्षा होत्या. दार लागल्याचा आवाज आला, तरी मी थोडा वेळ तिकडेच बघत राहिलो.