कोवळी बोटं

रत्नागिरीत बेस गिटार शिकवणारे तेव्हा दोनच होते, आणि मी चुकीचा निवडला असं कोणी म्हणालं तर मी आजही भांडेन. शिकवणारा मी बरोबरच निवडला होता. चूक पुढे झाली, आणि ती माझी होती.

ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. कॉलेज संपवून मी एका औषधांच्या दुकानात नोकरीला लागलो होतो. गणपतीतल्या एका ऑर्केस्ट्राला अगदी पुढ्यात बसलो, बेस पहिल्यांदा ऐकला, म्हणजे खरं तर छातीत लागला, आणि त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. "सहा तारांची सोडून चार तारांची कसली शिकतोस?" असं घरचे म्हणत. त्यांना समजावण्यात अर्थ नव्हता.

पहिले मास्तर. त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि एका मंडळाच्या ऑर्केस्ट्रात ते बेस वाजवायचे. वाजवणं यथातथाच, पण शिस्त कडक. दुकानामागे अर्थिंगचा खड्डा होता, मीठ आणि कोळसा घालून भरलेला. शिकवणीला गेलं की आधी त्या खड्ड्यात कळशीभर पाणी ओतायचं, मगच गिटारला हात लावायचा.

"कातळ हाय हा," मास्तर म्हणायचे. "सुका पडला की करंट पोटात घेत नाय. मग तो तुझ्यात शिरनार. तारेला बोट लावल्यावर बारीक मुंग्या आल्यासारखं वाटलं तर लगेच सांगायचं. लाजायचं नाय."

दोन महिने मी पाणी ओतलं आणि एकच सूर वाजवला. मी मुळातला उतावळा. असंच चाललं तर म्हातारपणी दुसऱ्या सुराला पोचू, असं मी औषधांच्या दुकानात सगळ्यांना हसत सांगायचो.

मग सर आले. सर शिपवर होते. प्रवासी बोटीवरच्या बँडमध्ये त्यांनी वर्षानुवर्षं बेस वाजवला होता, आणि या खेपेला सहा महिन्यांच्या सुट्टीवर मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला आपल्या घरी आले होते. त्यांना एकदा एका लग्नात ऐकलं, आणि मास्तर माझ्या मनातून तिथल्या तिथे उतरले. सुट्टीत एकच शिष्य घेणार, असं सरांनी सांगून टाकलं होतं. चौघे जण गेलो. त्यांनी मला घेतलं. त्या दिवशी मी घरी चालत आलो की तरंगत, ते आठवत नाही.

"आधी कुणाकडे होतास?" सरांनी विचारलं. मी सांगितलं. "रेडिओवाल्याकडे? तो तुला वायरींना कथलाचे डाग द्यायला शिकवेल, बेस नाही." पडवीतले सगळे हसले. सगळ्यात जास्त मी हसलो.

सरांचा अँप्लिफायर परदेशातला. त्याची पिन आपल्याकडच्या बोर्डात बसत नव्हती, म्हणून त्यांनी ती कापून टाकली होती. दोन वायरी बोर्डाच्या भोकांत घालून काडेपेटीच्या काड्यांनी घट्ट केलेल्या. तिसरी, अर्थिंगची, दुमडून चिकटपट्टीने बांधलेली. मी ते पहिल्याच दिवशी पाहिलं.

आणि पहिल्याच दिवशी तारेला बोट लावलं तेव्हा मुंग्या आल्या. मी हात उचलला.

"काय झालं?"

"काही नाही, सर."

सरांनी तीच तार दाबून पाहिली. त्यांना काहीच लागलं नाही. तीस वर्षांच्या वादनाने त्यांच्या बोटांची टोकं काजूच्या टरफलासारखी टणक झाली होती. "कोवळी बोटं आहेत," ते मायेने म्हणाले. "घट्टे पडले की काही जाणवणार नाही."

मला तेव्हाच कळलं, की हे या घरात फक्त मलाच कळतंय. बोललो असतो तर काय झालं असतं? सर पुन्हा रेडिओवाल्यावरून हसले असते. कदाचित उरलेल्या तिघांपैकी एकाला बोलावलं असतं. इतकंच. तेवढ्याची मला भीती वाटली.

एप्रिलमध्ये मुंग्या कोपरापर्यंत यायला लागल्या. मी पाय उचलून खुर्चीच्या लाकडी दांडीवर ठेवायला लागलो. मग काही लागत नसे. सरांना वाटलं, माझी बसायची ढबच तशी आहे. मी स्वतःची सोय बरोबर लावली होती.

मे महिन्यात पडवीत बसवेना. एका संध्याकाळी सरांच्या बायकोने, काकूंनी, घरापुढच्या खळ्यात पाणी शिंपडलं आणि सर म्हणाले, "आज बाहेर वाजवू." आतून वायर ओढून अँप्लिफायर दारात ठेवला. सर अनवाणी ओल्या खळ्यात उतरले. घामाने त्यांचे हात निथळत होते. माझ्या तोंडात शब्द आला होता. मी म्हणालो, "सर..." ते म्हणाले, "बोटांकडे बघ."

मी बघितलं. सरांचा डावा हात तारांवर आवळला गेला आणि सुटेना. त्यांच्या तोंडून आवाजही फुटला नाही. मी पडवीत धावलो, वायर खेचली, काड्या उडाल्या. सर कोसळले तेव्हा काकू आतून विचारत होत्या, चहा टाकू का?

सर वाचले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या भावाने मास्तरांना बोलावून अँप्लिफायर उघडला. खाऱ्या हवेने आतली वायर कुजून पत्र्याला टेकली होती. मास्तरांनी जमिनीवरच्या काड्या उचलल्या, माझ्याकडे बघितलं आणि काही विचारलं नाही.

सरांनी विचारलं. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये त्यांचा डावा हात मनगटापर्यंत बांधलेला होता. दोन बोटं परत वळणार नाहीत, हे डॉक्टरांनी काकूंना सांगितलं होतं, सरांना अजून नाही.

"तुला कधी करंट लागला नव्हता ना रे?" ते म्हणाले. "रात्रभर तोच विचार. पोराला काही झालं असतं तर?"

"नाही, सर."

"नक्की?"

"कधीच नाही."

त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मग उजव्या हाताने माझा हात ओढून घेतला आणि एकेका बोटाचं टोक अंगठ्याने दाबून पाहिलं.

"पडायला लागलेत घट्टे," ते म्हणाले, आणि त्यांना फार बरं वाटलं.